साडेचारशे रुपये मीटरची ‘तांब्याची’ वायर

भुसावळच्या आमच्या घरात दिवाळीपूर्वी रंगकाम झाले, तेव्हा मी स्पीकरच्या वायरी सोडवल्या आणि नंतर अंदाजानेच पुन्हा जोडल्या. त्या दिवसापासून डग्गा पोकळ वाजू लागला आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता खोलीभर विखुरल्यासारखा वाटू लागला. वायरी जुन्या झाल्या असाव्यात, असे समजून मी जळगावातील एका दुकानात गेलो.

स्पीकरच्या पाठीमागे चार टर्मिनल आहेत हे कळताच दुकानदाराने बाय-वायरिंगचा सल्ला दिला. खर्जाचा आवाज काढणाऱ्या वूफरला एक जोडी, बारीक आवाज काढणाऱ्या ट्वीटरला वेगळी जोडी, आणि मधल्या धातूच्या पट्ट्या काढून टाकायच्या. मग त्याने आधी साधी आणि नंतर ‘शुद्ध ऑक्सिजन-फ्री तांब्याची’ वायर लावून एकच गाणे ऐकवले. दुसऱ्या वेळी त्याचा हात आवाजाच्या बटणाकडे गेलेला मी पाहिला होता. पण किंचित मोठा केलेला आवाज कानाला अधिक भरदार वाटतो, हे तेव्हा सुचले नाही. २.५ चौरस मिलिमीटरची २८ मीटर वायर ४५० रुपये मीटरने घेऊन मी १२,६०० रुपये मोजले.

दुकानातील माणसाने घरी येऊन जोडणी केली आणि आवाज खरोखरच सुधारला. त्या भरात मी दोघा-तिघांना तेच दुकान सुचवले, याची आज लाज वाटते.

उन्हाळ्यात संच आतल्या खोलीत हलवताना वायर कापावी लागली. शेजारचा वायरमन मुलगा टोक ब्लेडने खरवडत म्हणाला, “आप्पा, हाई तांबं नही शे.” तांबूस मुलाम्याखाली पांढरे ॲल्युमिनियम होते. या जाडीच्या तांब्याची एक तार मीटरला सुमारे २२ ग्रॅम भरते, म्हणजे दुहेरी २८ मीटरमध्ये नुसते तांबेच सव्वा किलो हवे होते; आमचे सगळे भेंडोळे मात्र किराणा दुकानाच्या काट्यावर प्लास्टिकसकट जेमतेम किलोभर भरले.

मग आवाज सुधारला कसा? मुलाने जुनी वायर अधिकला अधिक आणि उणेला उणे अशी नीट लावली, तेव्हा डग्गा तसाच घुमला. रंगकामानंतर मी एका स्पीकरची जोडणी उलटी केली होती. त्यामुळे एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जात होता आणि खर्जाचा आवाज परस्परांना मारत होता. दीड व्होल्टचा सेल वायरीच्या टोकांना क्षणभर लावून दोन्ही वूफर एकाच दिशेने हलतात का, एवढे पाहिले असते तर जळगावची फेरीच वाचली असती. शिवाय ७ मीटर अंतरासाठी १.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरीचा जाण्यायेण्याचा मिळून रोध ०.२ ओहमच्या आत राहतो, जो ८ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य आहे. बाय-वायरिंगमध्येही दोन्ही जोड्या ॲम्प्लिफायरच्या त्याच टर्मिनलवरून निघत असल्याने त्यातून फारसे काही हाती लागत नाही. मुलाम्याची वायर वाजत नाही असे नाही. ती तांब्याच्या नावाने आणि भावाने विकली, ही तक्रार आहे.

दुकानदाराने शांतपणे बिल वाचायला सांगितले. त्यावर ‘ऑडिओ वायर, २८ मीटर’ एवढेच होते. तांबे हा शब्द कुठेच नव्हता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ज्यांना वायर घ्यायचीच आहे, त्यांनी धातू आणि चौरस मिलिमीटर दोन्ही बिलावर लिहून घ्यावे, आणि मीटर मोजण्यापूर्वी टोक आपल्यासमोर खरवडायला लावावे.