दीड हजार की बचत गट? दोन्ही वापरून लिहितेय

आधी स्टार देऊन टाकते म्हणजे ज्याला घाई आहे तो मोकळा. लाडकी बहीणचे दीड हजार: साडेतीन स्टार. आमचा बचत गट: चार. फायनान्सवाल्यांचा गट: शून्य द्यायची सोय असती तर शून्यच, पण नसते म्हणून एक.

आता सविस्तर. मी कळंब तालुक्यातली, धाराशिव जिल्हा. दोन एकर कोरडवाहू, ती पण सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे शेतकरी म्हणून माझ्या खात्यात काही येत नाही, शिवणकाम करते आणि गटाची सचिव आहे. म्हणजे मी गटाच्या बाजूनं बोलणार असं वाटेल, पण पुढं वाचा.

दीड हजाराचं पहिलं. ऑगस्ट 2024 ला पहिल्यांदा दोन महिन्यांचे मिळून 3000 पडले, राखी चार-पाच दिवसांवर होती, आणि गावात त्या दिवशी बायकांचे चेहरे बघण्यासारखे होते खरंच. माझ्या खात्यात मिनिमम बॅलन्स नव्हता म्हणून बँकेनं (नाव नको) आधी आपला दंड कापला आणि मला साडेतेवीसशे दिसले, तो भाग सोडा. पण कुणाला हिशेब द्यायचा नाही, ठराव नाही, जामीन नाही, अध्यक्षाची सही नाही, पैसे सरळ माझे. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणल्या, पोरीच्या मेसचे भरले, आणि एक मी माझ्यासाठी चप्पल घेतली, आधीच्या चपलेला तीनदा टाका घातला होता. नवऱ्याला विचारलं नाही. वीस वर्षांच्या संसारात विचारल्याशिवाय घेतलेली ती पहिली चप्पल असेल. ह्याला मी पूर्ण पाच स्टार देते.

मग दीड स्टार कापले कशाला? कारण दर महिन्याला दीड हजार येतात आणि आल्या पावली जातात. किराणावाल्याची उधारी असतेच, तो मेसेजची रिंग वाजायच्या आत आठवण करतो. वर्षाचे 18,000 होतात, एकदम दिले तर एक चांगली शेळी येऊन वर वैरणीचे पैसे उरतील, पण दीड-दीड हजारांत शेळीचा पाय पण येत नाही. शिवाय हप्ता कधी पडेल ह्याचा नेम नाही, आणि 2025 ला केवायसी निघाली त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला, आमच्या गल्लीत एक जण आहे तिचे दोघंही गेलेले, ती बिचारी विचारत फिरत होती की आता मी कुणाची बहीण.

आता गट. अकरा जणी, 2016 पासून, महिन्याला शंभर रुपये बचत. नवीन लोकांसाठी सांगते, ही काय आमच्या गावाची शक्कल नाही, नाबार्डनं, म्हणजे शेती आणि खेड्यांसाठीच्या सरकारी बँकेनं, 1992 ला देशात पाचशे गटांपासून बँकेशी जोडणी सुरू केली, आपल्याकडं माविम (सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ) त्याच्याही आधीपासून म्हणजे 1975 पासून आहे, आणि आता उमेद ह्या सरकारी अभियानाखाली गट, त्यावर ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ अशी उतरंड आहे. आमच्या मिटिंगला पत्र्याची एक पेटी निघते, त्यात बचतीचं रजिस्टर, कर्जाचं रजिस्टर, शाईचं पॅड आणि कुणीतरी कधीतरी ठेवलेली लवंग. एक म्हातारी आहे ती अंगठा उठवायच्या आधी रक्कम मोठ्यानं वाचायला लावते, दोनदा. शाळेची पायरी चढलेली नाही पण एकदा माझ्या बेरजेतले दोनशे रुपये तिनंच पकडले.

ह्या पेटीतून मी 12,000 उचलले, शेकड्याला दोननं, आणि उस्मानाबादी शेळी घेतली. गाभण होती. ह्या जातीला जुळी होतात नेहमी आणि मला पण झाली, एक पाट, म्हणजे मादी, आणि एक बोकड. बोकड बकरीदला गेला, त्यात निम्म्याच्या वर कर्ज फिटलं, पाट ठेवली. सावकाराकडून घेतले असते तर शेकड्याला पाच, नाहीतर दहा, मग बोकड पण त्याचा आणि शेळी पण त्याचीच. आणि एक महिना माझा हप्ता राहिला तेव्हा बाकीच्या दहा जणींनी तोंड वाकडं केलं, बोलल्या पण, पण दारात कुणी आलं नाही. तोंड वाकडं केलेलं मला चालतं.

मग पाचवा स्टार का नाही? तर आमच्याच गल्लीत एक घर आहे, नवरा-बायको ऊसतोडीला जातात, दसरा झाला की कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडं, ते उन्हाळ्यातच परत. गावात सगळ्यात गरीब कोण विचारलं तर कुणीही त्यांचंच नाव घेईल. ती दोनदा गटात यायला आली. आम्ही घेतलं नाही. सहा महिने मिटिंगला नसणार, बचत कोण भरणार, हप्ता थकला तर गटाचं रेकॉर्ड खराब आणि मग बँक लोन देणार नाही. सगळं नियमाला धरून होतं, ठराव मीच लिहिला, अक्षर पण चांगलं आहे त्यात. पण गरिबी हटवायला काढलेल्या गटात सगळ्यात गरीब बाई बसत नाही, हे कुठल्या रजिस्टरात लिहायचं? तिला दीड हजार मात्र येतात. फडावर असली तरी येतात.

फायनान्सवाल्यांचं, म्हणजे बायकांना गटानं छोटी कर्जं देणाऱ्या खासगी कंपन्यांचं, थोडक्यात. ते पण गटच करतात, पण बचत नाही, पेटी नाही, नुसती वसुली. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना तिच्या दारात बसवतात. ही पद्धत बांगलादेशातून आली म्हणतात, मोहम्मद युनूस नावाच्या तिथल्या प्राध्यापकांनी 1976 ला जोब्रा गावात 42 जणांना मिळून 27 डॉलर दिले तिथून पुढं ग्रामीण बँक झाली, पाच-पाच जणींचे गट, 2006 ला नोबेल. त्यांच्या मनात काय होतं ते चांगलंच असेल हो, पण आमच्याकडं येईपर्यंत त्यातली माया गळाली आणि वसुली राहिली.

पोरगी तुळजापूरला समाजकार्य शिकते, तिला हे सगळं बोलले तर म्हणाली आई, ह्याच्यावर जगभर भांडणं चाललीत. त्याच बांगलादेशात ब्रॅक म्हणून संस्था आहे, त्यांना पण हेच दिसलं की कर्जाच्या गटात अगदी खालची बाई येतच नाही, म्हणून 2002 पासून ते एकेक घर निवडून गाय नाहीतर शेळ्या देतात, सुरुवातीला खायला थोडे पैसे, आणि दोन वर्षं माणूस घरी येऊन बघतो. नंतर सहा देशांत तपासलं, आपल्या पश्चिम बंगालमध्ये पण, आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं पण त्या घरांचं बरं चाललेलं होतं. मी म्हणलं आमच्या ऊसतोडवालीला हेच पाहिजे, पण शेळ्या बघायला ती गावात तर पाहिजे.

पण मला खरी गंमत वाटली ती केनियाची. तिथं गिव्हडायरेक्टली नावाच्या संस्थेनं काही गावांत महिन्याला साधारण 22 डॉलर द्यायचे ठरवले, बारा वर्षं, काही गावांत दोनच वर्षं, आणि काहींना त्या दोन वर्षांचे सगळे एकदम, पाचशेच्या आसपास. एकदम मिळाले त्यांनी धंदे सुरू केले. दोन वर्षंवाले मागं पडले. आणि बारा वर्षंवाल्यांनी काय करावं? भिशी लावली! महिन्याचे थोडे-थोडे गोळा करून पाळीपाळीनं एकेकाला उचल. कुणी शिकवलं नव्हतं.

मी पोरीला म्हणलं, अगं हे तर आम्ही मागच्या दिवाळीपासून करतोय. आठ जणी, दीड हजारातले हजार भिशीला आणि पाचशे घरात. महिन्याला 8000 ची उचल. व्याज नाही, बँक नाही, ठराव नाही. एकीनं पिको-फॉलची मशीन घेतली, एकीनं पोरीची फी भरली, एकीनं काय केलं ते ती सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. हप्ता लांबला की भिशी पण लांबते, तेवढी कुरकुर चालते, दोनदा मी पदरचे घालून उचल पूर्ण केली आणि त्यातले तीनशे अजून यायचेत.

ऊसतोडवाली ह्या भिशीत आहे. मिटिंगची अट नाही, फडावरून फोनवर हजार पाठवते. सहाव्या नंबरला तिची चिठ्ठी निघाली, तर म्हणाली मला आत्ता नको, शेवटची द्या, मे महिन्यात गावात असेन तेव्हा. शेळी बघून ठेव म्हणालीय मला, पण काळीच पाहिजे म्हणे.