१४४०पी साठी बजेट पीसी, पाडवा ते दिवाळी: कार्ड भारी, मॉनिटर भारी, यूपीएसनं डोकं फिरवलं

पाडव्याला बांधलेला पीसी, आता दिवाळी होऊन गेली, म्हटलं लिहूनच टाकू. कॉन्फिग तुम्हाला पाठ असेल: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, आरटीएक्स ३०६० १२ जीबी ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी डीडीआर४ रॅम, ६५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि २७ इंची १४४०पी, म्हणजे २५६० बाय १४४० पिक्सेलचा मॉनिटर. यात नवीन काय नाही, युट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. पण सांगलीत वळीव कोसळायला लागल्यावर हा पीसी चालू कसा ठेवायचा ते त्यातलं कुणीच सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी कार्ड. सगळे म्हणत होते त्याच्या पुढच्या पिढीचं आरटीएक्स ४०६० घे, फास्ट आहे, वीज पण कमी खातं, ११५ वॉट, ३०६० ला १७० लागतात. मान्य. पण त्याला मेमरी ८ जीबी, आणि १४४०पी म्हणजे १०८०पी च्या जवळपास पावणेदोनपट पिक्सेल, वर टेक्श्चर हाय टाकले की नव्या गेममध्ये ८ जीबी भरते आणि मग गेम आचके द्यायला लागतो. मला सेकंदाला दहा फ्रेम (चित्रं) कमी चालतात, आचके नाही चालत. आणि खरं सांगायचं तर ३०६० स्वस्तात मिळालं, बाकीचं तत्त्वज्ञान नंतर सुचलं.

डीएलएसएस, म्हणजे छोटं चित्र काढून एआयनं मोठं करायची एनव्हिडियाची सोय, तिच्या नावानं मी सुरुवातीला बोटं मोडत होतो. क्वालिटी मोडवर टाकलं तरी कार्ड आतून १७०७ बाय ९६० लाच चित्र काढतं आणि मग फुगवून १४४० करतं, म्हणजे मॉनिटरचे पैसे १४४० चे आणि माल ९६० चा! पण डीएलएसएस ४ चं नवीन मॉडेल जुन्या आरटीएक्स कार्डांनाही चालतं, ते एनव्हिडिया ॲपमधून लावलं आणि तारेचं कुंपण, गवत, लांबच्या पाट्या बघून गप बसलो. आता बंद करतच नाही. डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम एआयनं बनवणं) ३०६० ला नाही, नसूदे.

मॉनिटरबद्दल तक्रार नाही. २७ इंचावर १०८०पी ला ८२ पीपीआय (इंचाला पिक्सेल) पडतात, अक्षरं फुटकी दिसतात, इथं १०९, वडील हळदीच्या अडतीचा हिशेब टॅलीत करतात ते पण आता माझ्याच टेबलावर येऊन बसतात. एकच, विंडोज बऱ्याचदा मॉनिटर ६० हर्ट्झवरच (सेकंदाला ६० चित्रं) ठेवतं, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन वाढवा, नाहीतर जास्तीचे पैसे पाण्यात. रॅम ३२ घेतली तेव्हा मित्र हसले होते, आता रॅमचे भाव बघून फोन करून विचारतात विकणार का म्हणून.

आता मेन विषय. पीसीबरोबर लाईट गेल्यावर बॅटरीवर चालवायला एक ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) यूपीएस घेतला, दुकानदारच म्हणाला घ्या, बास होतोय. एप्रिलमध्ये वळीव सुरू झाला, लाईट गेली, यूपीएसमधून टक् असा आवाज, लगेच लांब बीप, आणि स्क्रीन काळी. म्हटलं असेल एखाद्यावेळेस. परत तेच. गंमत म्हणजे नुसतं ब्राऊझर उघडा असला तर पीसी तगायचा, गेम चालू असला की हमखास मरायचा. सेव्ह बोंबलला, वर विंडोज डिस्क तपासत बसायचं ते वेगळंच.

नेला दुकानात. त्यानं १०० वॉटचा बल्ब लावला, प्लग काढला, बल्ब चालू. "बघा की दादा, यूपीएस एकदम ओके हाय, तुमचा एसएमपीएस खराब हाय." एसएमपीएसवाला म्हणतो यूपीएस बदला. अरे बल्बला काय कळतंय, त्याला कसली पण वीज द्या, तो पेटणारच! मग मीच वाचत बसलो. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की खरी साईन वेव्ह (लाईनच्या विजेसारखी गुळगुळीत लाट) देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह देतो, बॉक्सवर त्याला सिम्युलेटेड साईन वेव्ह असं गोंडस नाव असतं. आणि आताच्या ८० प्लस (वीज कमी वाया घालवणाऱ्या) एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, ते येणाऱ्या व्होल्टेजच्या आकाराप्रमाणे करंट ओढतं, आकारच तुटक असला की दचके देत ओढतं, यूपीएसला वाटतं ओव्हरलोड झाला आणि तो मान टाकतो. त्यात ६०० व्हीए म्हणजे वॉटमध्ये जेमतेम ३६०, आणि माझा पीसी मॉनिटर धरून गेममध्ये ३०० च्या आसपास जातो. बल्ब लावून हे सापडणार होय?

प्युअर साईन वेव्हचा यूपीएस बघितला तर किंमत ऐकून घाम फुटला, तेवढ्यात अजून एक मॉनिटर आला असता राव. मग लक्षात आलं, जिन्याखाली घरचा इन्व्हर्टर आहे, तो प्युअर साईन वेव्हचाच आहे! टॉर्च घेऊन मागं बघितलं तर धुळीत बोटाच्या पेराएवढा एक सरकता स्विच, एका बाजूला इको, दुसऱ्या बाजूला यूपीएस. बसवल्यापासून तो इकोवरच होता. इकोवर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला तो वेळ लावतो, यूपीएस मोडवर साधारण १० मिलिसेकंदात येतो, आणि चांगला एसएमपीएस आतल्या कपॅसिटरवर १५-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे काम झालं. वायरमनकडून पीसीच्या सॉकेटला इन्व्हर्टरची लाईन ओढून घेतली. पुढच्या वादळात लाईट गेली, ट्यूब जरा लुकलुकली, पीसी हललासुद्धा नाही. गेम तसाच चालू. नाद खुळा.

पण फुकट काय नसतं. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या खाली आलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरी पकडतो, आणि आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतंच. बॅटरी जास्त वापरली जाते, पाणी लवकर घालावं लागतं, आणि वडिलांचं "इन्व्हर्टर घराला आणलाय, तुझ्या गेमला नाय" सुरू होतं. म्हणून कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली, फ्रेम ७५ ला बांधल्या, फरक जाणवत नाही आणि मे महिन्यात खोली पण कमी तापते. लाईट गेली की सेव्ह करून बंद, बॅटरीवर खेळत बसायचं नाही असा तह झालाय. तुम्ही करणार असाल तर आधी इन्व्हर्टर किती वॉटचा आहे आणि त्यावर पंखे, फ्रीज काय काय आहे ते बघा.

आणि तो ६०० व्हीएचा यूपीएस? वॉरंटीत असून पण "फॉल्ट निघत नाही" म्हणून परत घेत नाहीत. एक्सचेंजला किती देता विचारलं तर सातशे म्हणाला, ते पण नवीन यूपीएस त्याच्याकडनंच घेतला तर.