शिरोलीतल्या मशीन शॉपमध्ये लीन सल्लागार: काम संपल्यावर काय उरलं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग येतो, आम्ही तो सीएनसी-व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) मशीनिंग करून पंप आणि व्हॉल्व्हवाल्यांना देतो. गेल्या वर्षी लीनसाठी, म्हणजे कामातला वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्यासाठी, व्यवस्थापन सल्लागार नेमला होता. त्याचं काम संपून बरेच महिने झालेत. तो रोज येत होता तोवर सगळंच नीट चालायचं, त्यामुळे खरं काय टिकलं ते आत्ता कुठे सांगता येतंय.

पहिल्या महिन्यात त्यानं काहीच बदललं नाही. प्रत्येक मशीनला एक कागद लावला: मशीन कधी थांबलं, किती वेळ, कशामुळे. ऑपरेटरनं स्वतः लिहायचं. त्या वेळी घरात नव्या व्हीएमसीसाठी कर्ज काढायचं चाललं होतं. महिन्याभराचे कागद समोर ठेवल्यावर दिसलं, की आहे तेच मशीन दिवसाचा मोठा भाग सेटिंग बदलताना आणि पहिला पीस तपासून यायची वाट बघत उभं असतं. मग चालू जॉब संपायच्या आधीच पुढच्या जॉबचं फिक्सचर, जॉ (पीस पकडायची साधनं) आणि इन्सर्ट (कापायची पाती) ट्रॉलीवर लावून ठेवायला सुरुवात झाली आणि माप तपासायचे गेज मशीनजवळ आले. सव्वा तासाचं सेटिंग पाऊण तासाच्या आत आलं. कर्जाचा विषय थांबला. माझ्या मते त्याची फी एवढ्यातच वसूल झाली.

दुसरा फायदा रिजेक्शनचा. आधी खराब पीस सगळे एकाच पेटीत पडायचे. आता ब्लोहोल (ओतताना हवेनं पडलेलं भोक) किंवा वाळू निघालेला पीस वेगळा, त्यावर हीट नंबर, म्हणजे फाउंड्रीतल्या त्या ओतीचा नंबर. साइज चुकलेला वेगळा. खराब पीसचे पैसे कापायची डेबिट नोट फाउंड्रीला पाठवताना आता वाद होत नाही, कारण पीस आणि नंबर दोन्ही समोर असतात. आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्यांनी बाकी काही नाही केलं तरी हे करावंच.

असा अनुभव फक्त आमचा नाही. तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड कारखान्यांवर अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे. कारखाने आमच्यापेक्षा खूप मोठे, कंपन्या १७. काहींना पाच महिने सल्लागार दिला, बाकीच्यांची फक्त महिनाभर पाहणी केली. पूर्ण सल्ला मिळालेल्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी १७ टक्के वाढली. त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. काही वर्षांनी तेच संशोधक परत गेले, तेव्हा बसवलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या, आणि कारणांमध्ये व्यवस्थापक बदलणं आणि मालकांना वेळ नसणं ही प्रमुख होती.

आमच्याकडे तंतोतंत हेच झालं. सुपरवायझर चाकणला नोकरीला गेला आणि त्याच्याबरोबर फाइव्ह-एसचे (जागेच्या स्वच्छता-टापटिपीचे) गुण भरायचा तक्ता गेला. सूचनावहीत कुणी लिहीत नाही. सकाळची दहा मिनिटांची उभ्यानं मीटिंग मात्र एकदाही चुकली नाही, कारण ती थोरले काका स्वतः घेतात. ज्या गोष्टीवर घरातल्या माणसाचं रोज लक्ष आहे, तेवढीच टिकली.

ग्राहक वाढवायचा आराखडा त्यानं करून दिला, तो फाइलमध्येच आहे. वसुलीत काडीचा फरक पडला नाही. कायद्यानं लघुउद्योगाचं बिल फार तर ४५ दिवसांत द्यायचं असतं, मुदत उलटून वर्षअखेरपर्यंत बिल न देणाऱ्याला आयकरात त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही, तरी आमचे दोन ग्राहक तीन-तीन महिने लावतात. मोठ्या ग्राहकाला सुनवायची ताकद सल्लागाराच्या हातात नसते, आणि ही अडचण असेल तर त्यासाठी सल्लागारावर पैसे घालू नका.

खर्चाचं म्हणाल तर आम्ही खिशातून दिला. तुम्ही आधी केंद्राची एमएसएमई लीन योजना बघा. मार्च २०२३ मध्ये ती नव्यानं सुरू झाली. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) लागते आणि योजनेच्या तीन टप्प्यांपैकी मधल्या व वरच्या टप्प्याच्या सल्ला-खर्चातला ९० टक्के वाटा सरकार उचलतं. करार करताना एवढं नक्की विचारा, की शॉप फ्लोअरवर रोज कोण उभं राहणार. बोलणी करायला अनुभवी माणूस येतो आणि कामाला नवखा पोरगा पाठवतात, असं शेजारच्या दोन शेडमध्ये झालंय. आमचा स्वतः यायचा, रात्रपाळीलाही. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि शेवटचा हप्ता तो गेल्यानंतर तीन महिन्यांनी ठेवा.

टूलच्या खर्चाचा हिशोब बसवायला दिवाळीनंतर आम्ही त्यालाच पुन्हा बोलावतोय. या खेपेला पहिल्या बैठकीपासून दोन्ही पाळ्यांचे सेटर (मशीनचं सेटिंग करणारे) सोबत बसतील.