इमॅक्सची वॉर्निंग्जची खिडकी : नेटिव्ह कंपायलेशन चौदा महिने वापरल्यावर

गेले चौदा महिने मी नेटिव्ह कंपायलेशनवालं (म्हणजे स्वतःचा लिस्प भाषेतला कोड थेट मशीन कोडमध्ये बदलून वेगाने चालवणारं) इमॅक्स हे टेक्स्ट एडिटर वापरते आहे. सुरुवातीला उबुंटू २४.०४ या लिनक्ससोबत येणारी २९.३ ही आवृत्ती, आणि आता मूळ कोडवरून स्वतः बांधून घेतलेली ३०.१. वेगाचं आधीच सांगून टाकते : मोठ्या ऑर्ग फाइलमध्ये (ऑर्ग म्हणजे इमॅक्समधली टिपणं आणि याद्या ठेवायची सोय) आणि गिटचं, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायचं, काम करताना फरक जाणवतो, साध्या टायपिंगमध्ये नाही. वेग हवा असेल तर घ्याच. मला लिहायचंय ते त्या वेगासोबत फुकट येणाऱ्या खिडकीबद्दल.

पहिल्या दिवशी नेहमीची पॅकेजेस (इतरांनी लिहिलेल्या जोडसोयी) टाकली आणि मराठीतलं एक टिपण लिहायला बसले. आयट्रान्स पद्धतीने (रोमन अक्षरांतून देवनागरी) टाइप करत होते. 'आठवड्या' एवढं लिहून होतंय तोच स्क्रीन मधोमध दुभंगला आणि खालच्या अर्ध्या भागात वॉर्निंग्ज नावाचा बफर (इमॅक्समधलं मजकुराचं पान) उघडला. कर्सर माझ्याच फाइलमध्ये होता, टायपिंग चुकलं नाही. पण नजर खाली गेली ती गेलीच. खिडकी बंद केली. दहा सेकंदांत परत हजर. लॅपटॉपचा पंखा तोवर मिक्सरसारखा ओरडायला लागला होता.

आत काय होतं? कुठल्या तरी पॅकेजमधलं वर्णन ८० अक्षरांपेक्षा रुंद आहे. कुठे एकेरी अवतरणचिन्ह चुकीच्या पद्धतीने लिहिलंय. अमुक फंक्शनची व्याख्या सापडत नाही, तमुक व्हेरिएबल कुठलं ते कळत नाही. यातली एकही फाइल मी लिहिलेली नव्हती. दुसऱ्याच्या घरातली भांडणं आपल्या दिवाणखान्यात, असा प्रकार.

हे का होतं ते कळल्यावर माझा राग निम्मा गेला, म्हणून थोडं सांगते. आंद्रेआ कोराल्लो यांनी केलेलं हे काम इमॅक्सच्या २८.१ आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २०२२ मध्ये, सगळ्यांच्या हातात आलं. बाईट-कंपाइल झालेली (इमॅक्सला लवकर वाचता येईल अशा मधल्या रूपात बदललेली) फाइल पहिल्यांदा लोड झाली की इमॅक्स मागच्या मागे दुसरं इमॅक्स सुरू करतं, ते जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीकडून त्या फाइलचा मशीन कोड करून घेतं आणि तो ईएलएन-कॅश नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. हे दुसरं इमॅक्स कोरं असतं. तुमची सेटिंग्ज नाहीत, तुम्ही आधी लोड केलेली पॅकेजेस नाहीत. त्यामुळे ज्या पॅकेजने आपल्याला काय काय लागतं ते नीट लिहिलेलं नाही, त्याचं पितळ तिथे उघडं पडतं. तुमच्या चालू इमॅक्समध्ये मात्र तेच पॅकेज बिनबोभाट चालतं.

पण हे मला नंतर समजलं. त्या दिवशी मी सगळे करतात तेच केलं. 'नेटिव्ह-कॉम्प-असिंक-रिपोर्ट-वॉर्निंग्ज-एरर्स' (नाव लांबलचक आहे, माझा इलाज नाही) या व्हेरिएबलला निल, म्हणजे 'नाही', दिलं. एकदम शांतता. एकाच वेळी किती कामं चालवायची तो आकडा दोनवर आणला, कारण मूळ सेटिंगमध्ये ते प्रोसेसरचे निम्मे कोअर घेतं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपला तेवढं झेपत नाही. पंखाही शांत. पुढचे तीन महिने मी हा विषय विसरले.

आता दुधाची गोष्ट.

माझ्याकडे दुधाच्या हिशेबाची स्वतः लिहिलेली चाळीसेक ओळींची लिस्प फाइल आहे. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये रोज एक ओळ, तारीख ऑर्गच्या पद्धतीने कंसात, पुढे लिटर. एफ-९ दाबलं की महिन्याची बेरीज. तारीख वाचण्यासाठी मी ऑर्गमधलंच एक फंक्शन वापरलं होतं. एक तारखेला सकाळी दूधवाले काका दारात उभे. "ताई, किती झाले?" मी ऐटीत एफ-९ दाबलं. खाली उत्तर आलं : या नावाच्या फंक्शनची व्याख्याच नाही. काकांना थांबवून कॅलेंडरवरच्या खुणा मोजल्या आणि पैसे दिले.

झालं होतं असं. आठवडाभर आधी इमॅक्स लवकर उघडावं म्हणून मी ऑर्ग सुरुवातीला लोड करणं बंद केलं होतं. त्याआधी ते कायम लोड असायचं, म्हणून माझ्या फाइलमध्ये ऑर्गसाठी रिक्वायरची ('हे आधी लोड कर' असं सांगणारी) ओळच नाही हे कधी लक्षात आलं नाही. मी ती फाइल बाईट-कंपाइल केली तीही चालू इमॅक्समधूनच, तिथे ऑर्ग हजर, त्यामुळे तेव्हाही ब्र नाही. ही चूक मागच्या त्या कोऱ्या इमॅक्सलाच दिसली असणार, आणि त्याचं तोंड मीच बंद केलं होतं. खात्री करायला निलच्या जागी सायलेंट (खिडकी नको, नोंद मात्र ठेव) लिहिलं, कॅशमधली माझ्या फाइलची ईएलएन (तयार मशीन कोडची फाइल) उडवली, इमॅक्स पुन्हा उघडलं आणि वॉर्निंग्ज बफर स्वतःहून जाऊन पाहिला. तिसऱ्याच ओळीत ते फंक्शन नावानिशी. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. दुरुस्ती एका ओळीची होती.

म्हणून माझा सल्ला : २८ किंवा २९ वर असाल तर निल देऊ नका, सायलेंट द्या. सायलेंटमध्ये खिडकी उडी मारून समोर येत नाही, पण सगळं बफरमध्ये जमा होत राहतं. मी शुक्रवारी संध्याकाळी एकदा चाळते. बहुतेक रद्दी असते, माझ्या फाइलचं नाव दिसलं तरच थांबते. स्वतःची फाइल असेल तर तेवढीही वाट पाहू नका. टर्मिनलवरून कोऱ्या इमॅक्सला बॅच पद्धतीने ती बाईट-कंपाइल करायला सांगा, दोन सेकंदांत खरं काय ते कळतं.

३०.१ (फेब्रुवारी २०२५) मध्ये हा त्रास मुळातच कमी केलाय. वॉर्निंग्ज कुठल्या प्रकारच्या दाखवायच्या यासाठी वेगळं व्हेरिएबल आलं, आणि मूळ सेटिंगमध्ये फक्त एरर्स आणि महत्त्वाच्या वॉर्निंग्ज समोर येतात. आधी निल किंवा सायलेंट ठेवलेल्यांनी ते काढून मूळ सेटिंग वापरून बघावं, असं त्यांच्या बदलांच्या यादीतच लिहिलंय. मी काढलं. आता खिडकी क्वचित दिसते आणि दिसली की मी वाचते, हे वर्षापूर्वी खरं वाटलं नसतं.

तक्रार राहिली ती कॅशची. आवृत्ती बदलली की सगळं पुन्हा कंपाइल होतं, पंख्यासकट, आणि जुन्या आवृत्तीचं फोल्डर तसंच पडून राहतं. २९ पासून ते साफ करायची कमांड आहे, पण ती आपण आठवणीने चालवायची.

एका जुन्या पॅकेजच्या वॉर्निंग्ज अजून अधूनमधून डोकावतात. व्हेरिएबल आधी जाहीर केलं की प्रश्न मिटतो, तेवढ्या एका ओळीचा पॅच (दुरुस्ती) मी पॅकेज लिहिणाऱ्याला पाठवला त्याला चार महिने झाले. उत्तर नाही. पॅकेज मात्र उत्तम चालतं, त्यामुळे काढलेलंही नाही.