सामुदायिक रुग्णालयात संशोधनाची सुरुवात: बहुकेंद्री चाचणीतून की वॉर्डातल्या प्रश्नातून?

ज्या सामुदायिक रुग्णालयात आजवर केवळ उपचार होत आले आहेत, तिथे संशोधनाची सवय रुजवायचे ठरले की व्यवस्थापनापुढे बहुधा दोन वाटा येतात. एक म्हणजे दुसऱ्या संस्थेने आखलेल्या मोठ्या बहुकेंद्री चाचणीत, म्हणजे अनेक रुग्णालयांत एकाच पद्धतीने चालणाऱ्या उपचारांच्या चाचणीत, एक केंद्र म्हणून सामील होणे. दुसरी म्हणजे आपल्याच वॉर्डात वारंवार अडणारा एखादा प्रश्न निवडून त्याची शिस्तीत मोजणी करणे आणि त्या मोजणीच्या आधारे कामाची पद्धत बदलणे. निवड करताना प्रतिष्ठा किंवा निधी यांपेक्षा एक गोष्ट आधी पाहावी, असे मला वाटते: दोन वर्षांनी आपल्या परिचारिका आणि निवासी डॉक्टर स्वतःहून प्रश्न विचारू लागलेले असतील का?

बहुकेंद्री चाचणीची ताकद संख्येत आहे. हृदयविकाराच्या झटक्यावरील आयसिस-२ ही चाचणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १६ देशांतील ४१७ रुग्णालयांतून १७,१८७ रुग्ण सहभागी झाले होते. अ‍ॅस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज ही दोन्ही औषधे मिळालेल्या गटात पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ८ टक्के होते, तर दोन्ही न मिळालेल्या गटात ते १३.२ टक्के होते. इतकी रुग्णालये सहभागी होऊ शकली, कारण प्रोटोकॉल, म्हणजे चाचणीची ठरवून दिलेली कार्यपद्धती, साधा होता आणि भरायची माहिती मोजकी होती. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या रिकव्हरी चाचणीनेही हाच मार्ग धरला. देशभरातल्या सर्वसाधारण रुग्णालयांनी तिच्यात रुग्ण नोंदवले आणि डेक्सामेथासोन या औषधामुळे व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे काही महिन्यांतच स्पष्ट झाले.

अशा चाचणीत सामील होणाऱ्या रुग्णालयाला तयार प्रोटोकॉल मिळतो. संमती कशी घ्यावी, गंभीर दुष्परिणाम किती वेळात कळवावेत, मूळ केस पेपर आणि पाठवलेली माहिती जुळते की नाही हे कसे तपासावे, ही शिस्तही प्रत्यक्ष कामातून अंगी येते. नवख्या केंद्राला हे शिक्षण अन्यत्र सहज मिळत नाही. मात्र प्रश्न दुसऱ्याचा असतो. रात्रपाळीच्या परिचारिकेसाठी हे काम म्हणजे आणखी एक फॉर्म ठरण्याचा धोका मोठा असतो, आणि चाचणी संपल्यावर तिचे काम सांभाळणाऱ्या समन्वयकाची नेमणूकही संपली तर शिकलेले सारे त्याच्याबरोबर निघून जाते. औषध कंपनीने प्रायोजित केलेल्या गुंतागुंतीच्या चाचण्यांत निधी अधिक असतो, पण कागदपत्रे आणि तपासणी-भेटीही तितक्याच अधिक असतात. पहिले पाऊल म्हणून मी त्या सुचवणार नाही.

वॉर्डातल्या प्रश्नाची वाट दिसायला लहान असली, तरी तिचा परिणाम लहान असेलच असे नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी सेंट्रल लाइनमुळे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे) होणारा रक्तातील संसर्ग रोखण्यासाठी पाच साध्या गोष्टी नेमाने पाळल्या: हात धुणे, लाइन घालताना पूर्ण निर्जंतुक आवरण वापरणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १,००० कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन असणे म्हणजे एक कॅथेटर-दिवस) संसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आले. यात नवे औषध नव्हते. नेमाने केलेली मोजणी होती, आणि पायरी चुकली तर डॉक्टरलाही थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिलेला होता. संशोधनाची संस्कृती म्हणजे काय, हे मला या एका तपशिलात सर्वांत स्पष्ट दिसते.

या वाटेवर दोन खड्डे आहेत. पहिला संख्येचा. एखाद्या उपचाराने मृत्यूचे प्रमाण १० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येते का, हे नेहमीच्या सांख्यिकी निकषांवर पडताळायचे तर दोन्ही गटांत मिळून सुमारे ६,४०० रुग्ण लागतात. एकट्या मध्यम रुग्णालयाला ते वाजवी मुदतीत मिळणार नाहीत. म्हणून औषधांची तुलना स्वबळावर करू नये. प्रतिजैविकाचा पहिला डोस किती वेळात दिला जातो, शस्त्रक्रियेनंतर किती जखमा चिघळतात, घरी सोडलेले किती रुग्ण महिन्याभरात परत दाखल होतात, असे मोजता येणारे प्रश्न घ्यावेत. दुसरा खड्डा नीतिमत्ता समितीचा, म्हणजे रुग्णांवरील संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचा आहे. ‘ही तर फक्त गुणवत्ता सुधारणा’ असे स्वतःच ठरवून मोकळे होऊ नये. मिशिगनच्या त्याच प्रकल्पाच्या नैतिक परवानगीबाबत अमेरिकेच्या संघीय कार्यालयाने पुढे आक्षेप घेतला होता. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच समितीला लेखी विचारणे चांगले.

माणसांच्या बाबतीत मात्र दोन्ही वाटांची मागणी सारखीच आहे, आणि बहुतेक प्रयत्न इथेच थांबतात. बाह्यरुग्ण विभाग आटोपल्यावर उरलेल्या वेळेत संशोधन होत नाही. डॉक्टरांसाठी आठवड्यातले काही तास वेळापत्रकात राखून ठेवावे लागतात आणि पगारी समन्वयक नेमावा लागतो. हे दोन्ही शक्य नसेल, तर दोन्ही प्रस्ताव पुढे ढकलणे अधिक प्रामाणिक ठरेल.

नोंदी विस्कळीत असतील आणि संशोधनाचा अनुभव कोणालाच नसेल, तर मी वॉर्डातल्या एका प्रश्नाने सुरुवात करीन. सहा महिने एकच आकडा नीट मोजण्याची सवय लागली की बहुकेंद्री चाचणीचा फॉर्म जड वाटत नाही. याउलट, नोंदी आधीपासून संगणकावर असतील आणि संशोधनात प्रशिक्षित असा एखादा डॉक्टर नुकताच रुजू झाला असेल, तर साध्या प्रोटोकॉलच्या, सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या चाचणीत थेट सामील व्हावे, पण सामील होतानाच एक अट घालून घ्यावी: चाचणीचा निकाल लागेल तेव्हा तो रुग्ण नोंदवणाऱ्या वॉर्डातल्या प्रत्येक पाळीला समजेल अशा भाषेत सांगितला जाईल, आणि त्यानुसार आपल्या उपचारांत काय बदलायचे याची चर्चा त्याच वॉर्डात होईल.