सियाझ घ्यायची तर आधी डिकीची चटई उचला

मारुतीने एप्रिल 2025 मध्ये सियाझ बंद केली. त्यामुळे आता ही गाडी घ्यायची म्हणजे वापरलेलीच. कोल्हापुरात चार-पाच माणसांच्या घरासाठी वापरलेली सेडान शोधत असाल तर 2018 नंतरची, 1.5 पेट्रोल, मॅन्युअल सियाझ हा आजही सगळ्यात समजूतदार सौदा आहे. बाजार एसयूव्हीच्या मागे पळतोय, त्यामुळे सेडानला घासाघीस करायला जागा मिळते. पण आपल्या भागात ही गाडी घेताना मीटरवरचे किलोमीटर दुय्यम. गाडी पाण्यात होती का, हे पहिलं.

थोडं गाडीबद्दल. सियाझ आली ऑक्टोबर 2014 मध्ये, 1.4 पेट्रोल आणि 1.3 डिझेल इंजिनांसह. ऑगस्ट 2018 मध्ये 1462 सीसीचं के15बी इंजिन आलं: सुमारे 105 पीएस ताकद, 138 न्यूटन मीटर टॉर्क, टायमिंगला बेल्टऐवजी चेन. जोडीला ‘स्मार्ट हायब्रिड’. नावावर जाऊ नका, ही गाडी नुसत्या बॅटरीवर हलत नाही. अल्टरनेटरच्या जागी एक मोटर जनरेटर बसवलाय. तो बेल्टने इंजिनला सुरुवातीला किंचित ढकलतो, सिग्नलला बंद झालेलं इंजिन पुन्हा चालू करतो आणि ब्रेक मारताना बॅटरी भरतो. त्याची छोटी लिथियम बॅटरी ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली असते. ही जागा लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंचसं गणित तिथेच आहे.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दुधाळी, रमणमळा, पलीकडे आंबेवाडी-चिखली आणि खाली शिरोळ तालुका. या पट्ट्यात तेव्हा उभ्या असलेल्या गाड्यांचं काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको. सांगलीत कृष्णेनं तेच केलं. आणि 2018 ते 2021 ची सियाझ म्हणजे नेमक्या त्याच काळातली गाडी. ‘एमएच-09’ ऐवजी ‘एमएच-12’ पाटी बघून निर्धास्त होऊ नका, पाण्यातून निघालेली गाडी आधी गाव बदलते.

तपासायला यंत्र लागत नाही, टॉर्च आणि दहा मिनिटं पुरतात. डिकीची चटई उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या खळग्यात, वेल्डिंगच्या सांध्यांवर बोट फिरवा. पुराचा गाळ अगदी बारीक असतो. धुतला तरी सांध्यात, रबरी बुचाच्या कडेला तपकिरी पिठासारखा बसून राहतो. मग मागच्या सीटचा बेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढा. बेल्टचा शेवटचा हातभर भाग एरवी कधी बाहेर येत नाही, त्यामुळे तो कोणी धूतही नाही. वरचा भाग काळाभोर आणि शेवटचा मळकट, मधे एक सरळ रेषा दिसली की पाणी कुठवर चढलं होतं ते समजलं. बेल्ट अगदी नवाकोरा आणि बाकी गाडी जुनी, असं असेल तर विचारा, का बदलला?

आता पुढच्या डाव्या सीटखाली टॉर्च मारा. रुळांचे बोल्ट, सीटखालच्या स्प्रिंगा, लिथियम बॅटरीचं कव्हर. चाळीस हजार चाललेल्या गाडीत तिथे खपल्या पडलेला गंज असायचं कारण नाही. वायरिंगचे एक-दोन कनेक्टर सोडवून पाहा. पिना हिरवट असतील तर तिथेच हात जोडा. इतक्या पाण्यातून गेलेली सियाझ चालू होते, चालतेही. सहा महिन्यांनी आज पॉवर विंडो, उद्या एअरबॅगचा दिवा, परवा स्टार्टिंग असं एकेक सुरू होतं आणि कुठल्याच फिटरला ते मुळातून काढता येत नाही. किंमत कितीही पाडली तरी अशी गाडी घेऊ नये. वास घेण्यावर विसंबू नका, अत्तराच्या बाटल्या स्वस्त असतात.

यालाच जोडून एक गोष्ट, जी विकणारा सहसा सांगत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये मारुतीने 4 मे 2018 ते 27 ऑक्टोबर 2020 या काळात बनलेल्या काही पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर तपासणीसाठी परत बोलावल्या. त्यात सियाझ होती. दोष असेल तर भाग फुकट बदलून मिळणार होता. तोवर साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका आणि इलेक्ट्रिकल भागांवर थेट पाणी मारू नका, असं कंपनीनं कळवलं होतं. आधी डिसेंबर 2019 मध्येही 2019 साली बनलेल्या गाड्यांसाठी याच भागाची मोहीम झाली होती. चॅसी नंबर टाकून कंपनीच्या साईटवर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारलं की काम झालंय की नाही ते समजतं. दाखवायला आणलेल्या गाडीचं इंजिन प्रेशरनं धुऊन, पॉलिश मारून चकचकीत केलेलं असतं ना, सियाझच्या बाबतीत ते कौतुकाचं लक्षण नाही. धुळीनं माखलेलं, कोरडं इंजिन जास्त खरं बोलतं.

हायब्रिड चालतंय का ते बघायचं तर गाडी दहा मिनिटं फिरवून गरम करा, सीटबेल्ट लावा, एसी कमी ठेवा. थांबून गिअर न्यूट्रलला, क्लचवरचा पाय बाजूला. इंजिन आपोआप बंद झालं पाहिजे आणि क्लच दाबताच धक्का न देता चालू. नाही झालं तर लगेच लिथियम बॅटरी गेली असं समजू नका. बहुतेकदा बोनेटखालची साधी 12 व्होल्टची बॅटरी थकलेली असते आणि ती बदलली की प्रश्न सुटतो. मात्र डॅशबोर्डवर हायब्रिडचा किंवा चार्जिंगचा दिवा कायम पेटलेला असेल तर स्कॅनर लावल्याशिवाय इसार देऊ नका.

इंजिन थंड असतानाच बघायचं, म्हणजे ‘सकाळी सातला येतो’ असं सांगा. आधीच तापवून ठेवलेली गाडी दिसली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चालू करताना दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त चेनची खडखड नको. ऑईलची डिपस्टिक, ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय आहे का, कुलंटचा रंग. इंजिन तसं सरळ आहे, दर 10,000 किलोमीटरला किंवा वर्षाला ऑईल मिळालं तर लाखभर किलोमीटर कुरकुर करत नाही. अधिकृत सर्व्हिसचा इतिहास नंबरवरून निघतो आणि प्रत्येक खेपेचं रीडिंग त्यात असतं. मीटर मागे फिरवलाय का हे तिथे उघडं पडतं.

चाचणीसाठी कावळा नाक्याभोवती फिरवून काही समजत नाही. पन्हाळ्याला न्या. वाघबीळपासून वरच्या चढाला गाडीत चार माणसं, एसी चालू, दुसरा-तिसरा गिअर. इथे क्लच आपोआप बोलतो: चौथ्यात 40 च्या वेगाला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा, आरपीएम वाढतोय पण वेग नाही, तर क्लच प्लेट संपत आली. चढावर थांबून पुन्हा उचलताना थरथर येत असेल तरी तेच. या इंजिनाला खालून जोर बेताचाच आहे. घाटात ओव्हरटेक करायचं तर एक गिअर खाली टाकावाच लागतो, तो दोष नव्हे, स्वभाव आहे. उतरताना दुसऱ्या गिअरवर उतरा आणि खाली येऊन ब्रेक मारून बघा. पेडल थरथरलं तर पुढच्या डिस्क वाकड्या झाल्यात. मागे ड्रम आहेत, तिथे फारसं काही होत नाही.

सस्पेन्शन हा मात्र आपल्या रस्त्यांवर खर्चाचा भाग. पुढे मॅकफर्सन, मागे टॉर्शन बीम. खड्ड्यात किंवा तिरक्या गतिरोधकावर पुढून ‘टक-टक’ आलं तर आधी स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड, मग लोअर आर्मचे बुश, मग स्ट्रटचे माऊंट, या क्रमाने बघायचं. लिंक रॉड किरकोळ खर्च. तिन्ही एकदम निघाले तर दहा-बारा हजार किमतीतून वजा करा. ग्राउंड क्लिअरन्स 170 मिलिमीटर आहे, पण मागे तीन जण आणि डिकी भरलेली असली की गाडी बसते आणि गावोगावचे गतिरोधक चेंबरखालचं (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं ते भांडं) प्लास्टिक कव्हर फाडतात. गाडी उचलून खालून बघाच. कव्हर गायब असेल तर चेंबरवर घासल्याच्या खुणा आणि ऑईलचा ओलावा शोधा.

टायर 15 इंचीच बरे. अल्फा या महागड्या व्हेरिएंटला 195/55 आर16 येतात, दिसायला छान, पण कडा बुटकी असल्याने खड्ड्यात फुगवटा येतो आणि अलॉय वाकतं. त्याखालच्या झेटाला 185/65 आर15. चारही नवे टाकायचे तर वीस-पंचवीस हजार धरा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, 3219 म्हणजे 2019 चा बत्तिसावा आठवडा. पाच वर्षांवरचा टायर नक्षी कितीही चांगली असो, बदलायचाच.

रंगाचं सांगायचं तर उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंग इतकं सफाईदार होतं की डोळ्यांना दिसत नाही. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर लावा. कंपनीचा रंग साधारण 100-130 मायक्रॉन, 200 च्या वर म्हणजे पुन्हा मारलेला, 500 च्या पुढे म्हणजे खाली पुटी. एखादा दरवाजा रंगवलेला असणं हा गुन्हा नाही. छपराला, खांबांना किंवा बोनेटच्या आतल्या चेसीच्या टोकांना पुटी दिसली तर विषय संपला.

आतली जागा हेच गाडीचं मुख्य भांडवल. व्हीलबेस 2650 मिलिमीटर, त्याच काळातल्या होंडा सिटीचा 2600. मागे आजी-आजोबा पाय लांब करून बसतात, एसीची झडप मागेही आहे. डिकी 510 लिटर. सिटीचं इंजिन अधिक तरतरीत आहे, हे मान्य. चालवण्याची हौस असेल तर सिटीच घ्या. तीच तपासणी तिलाही लागू, फक्त मोटर जनरेटर वगळून.

मायलेज कंपनी सांगते मॅन्युअलला बीएस-4 मध्ये 21.56 आणि बीएस-6 मध्ये 20.65. शहरात 13 ते 15, पुणे-बंगळूर हायवेला 90 च्या वेगात 18-20 धरून चाला. एप्रिल 2023 च्या आधीच्या गाड्या ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल डोळ्यासमोर ठेवून बनलेल्या नाहीत, त्यामुळे थोडं आणखी घटेल. इथेनॉल आपल्याच उसाचं, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार!

ऑटोमॅटिक चार गिअरचं, जुन्या पद्धतीचं टॉर्क कन्व्हर्टर आहे. सुस्त, पण टिकाऊ. घाटात ओव्हरड्राइव्ह बंद करायचं बटण वापरलं नाही तर तिसरा-चौथा असा झोका खात राहतं. शहरातच फिरणाऱ्यांनी खुशाल घ्यावं.

सीएनजी बसवलेली सियाझ दिसली तर ती बाहेरून बसवलेली आहे हे नक्की, कारण कंपनीने सियाझला सीएनजी कधी दिलीच नाही. आरसीवर इंधनाची नोंद, विमा पॉलिसीत किटचा उल्लेख आणि सिलेंडरची दर तीन वर्षांची टेस्ट. तिन्हीपैकी एक नसेल तर पुढे जाऊ नका. शिवाय सिलेंडर गेला की 510 लिटरची डिकी फक्त कागदावर उरते.

कागदपत्रांत एक खास आपल्याकडची गोम. निपाणी-चिकोडीकडची केए-23 गाडी स्वस्त दिसते. पण तिकडची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवीन नंबर धरला की स्वस्ताई विरघळते. राज्यातल्या गाडीला फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी विकणाऱ्याकडूनच बसवून घ्या. विमा 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करा, नाहीतर अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. एनसीबी (विम्याचा दावा न केल्याबद्दलची) सवलत गाडीबरोबर येत नाही, ती जुन्या मालकाची. म्हणजे पुढचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येणार.

कोणती घ्यावी? झेटा, मॅन्युअल, जानेवारी 2020 नंतरची बीएस-6. फेब्रुवारी 2023 नंतरची मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण तेव्हापासून ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागे न येऊ देणारी) सगळ्या व्हेरिएंटना आलं. त्याआधी ते फक्त ऑटोमॅटिकला होतं. एअरबॅग मात्र शेवटपर्यंत दोनच राहिल्या. हंगामात रात्री हायवेवर रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांमधून रोज ये-जा असेल, तर थोडे पैसे वाढवून व्हर्टस, स्लाव्हिया किंवा 2023 ची व्हर्ना बघा. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिघींना पाच तारे आहेत.