गुडघ्यात स्वतःच्याच पेशी: अकरा महिन्यांनंतर

ऑपरेशनला अकरा महिने झाले, म्हणून आता लिहितेय. दुसऱ्या महिन्यात लिहायला बसले असते तर नुसती चिडचिड उतरली असती.

मुलींना खो-खो शिकवताना गर्रकन वळले आणि उजव्या गुडघ्यात खट्ट झालं. मांडीच्या हाडाच्या टोकावरची कूर्चा, म्हणजे सांध्यातलं गुळगुळीत आवरण, रुपयाच्या नाण्याएवढी निघाली होती. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, सांध्यातल्या वंगणावर ती जगते, त्यामुळे हाडासारखी आपली आपण भरून येत नाही. हाडाला बारीक भोकं पाडायचा स्वस्त उपाय होता, पण त्यातून तयार होतो तो भाग तंतुमय, मूळ कूर्चेइतका दणकट नाही. माझा खड्डा मोठा, म्हणून स्वतःच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून बसवायचा मार्ग धरला.

यात ऑपरेशनं दोन. पहिल्यात दुर्बिणीतून, वजन पडत नाही अशा कडेची चिमूटभर कूर्चा काढली. लॅबमध्ये पेशी वाढायला पाच आठवडे लागले. दुसऱ्यात गुडघा उघडून त्या जेलमधून खड्ड्यात बसवल्या. बाबांना हा प्रयोग वाटत होता. स्वीडनमधल्या गोटेबोर्गला १९८७ मध्येच पहिल्या रुग्णावर हे केलंय, हे दाखवल्यावर ते सही करायला तयार झाले.

मेडिक्लेमने पेशी वाढवण्याचं बिल नाकारलं. तोंडी होकारावर मी विसंबले होते. तुम्ही आधी लेखी घ्या, कृपा करून.

पण खरं ऑपरेशन घरी येऊन सुरू होतं. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, कुबड्या, आणि रोज काही तास गुडघा हळूहळू वाकवणारं मशीन. फिजिओंनी वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर टेप लावली, तर उजवी मांडी डावीपेक्षा चार सेंटिमीटर बारीक! त्या दिवशी मी रडले. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, दहा आकडे थांबायचं. आई मटार सोलता सोलता मोठ्याने आकडे मोजायची आणि मी सोडतेय असं दिसलं की “अजून दोन” म्हणायची. या व्यायामाला कंटाळणार असाल तर एवढा खर्च करूच नका, असं मी अगदी मनापासून सांगेन.

आईने एकदा डॉक्टरांना विचारलं, “माझ्याही गुडघ्यात भरता येतील का हो?” नाही म्हणाले. तिचा अख्खा सांधा झिजलाय. हा उपचार बाकीचा सांधा धड असताना एखादा खड्डा बुजवण्यासाठी.

चौथ्या महिन्यात काठी सुटली. आता पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढते. उतरताना मात्र निम्म्यानंतर गुडघा जड होतो, संध्याकाळी थोडा सुजतो, बर्फ लावावा लागतो. मांडी घालून बसता येतं, उठताना हात टेकते. पळायला अजून परवानगी नाही. पुढच्या महिन्यात एमआरआय आहे, त्यानंतर ठरेल. तोवर मैदानाच्या कडेला उभी राहून शिकवतेय.